अमेरिकेत ऑनर्सला निघालात? डॉर्म निवडताना आधी डिसेंबर बघा

ॲडमिशनचं पत्र आलं, पेढे वाटून झाले, आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. आठवडाभराने पोर्टलवर नवी पाटी उगवली: हाउसिंग अप्लिकेशन. त्यात वीसेक इमारतींची नावं, प्रत्येकीचे पाच-सहा फोटो आणि सगळ्या फोटोंत हिरवळीवर बसून हसणारी मुलं. नाशिकच्या आमच्या हॉलमध्ये बसून मी ते फोटो चाळत होते आणि बाबा मागून विचारत होते, "मेस कशी आहे ते बघ आधी." मी काही मेस बघितली नाही. सगळ्यात नवी, मोठ्या खिडक्यांची इमारत निवडली. खिडकी खरंच मोठी निघाली. तिच्यासमोर कचऱ्याचा मोठा डबा होता, ही गोष्ट निराळी.

हा लेख बारावीनंतर थेट बॅचलर्सला आणि तेही ऑनर्स कॉलेजात निघालेल्यांसाठी आहे. एमएसला गेलेल्या दादा-ताईंचे सल्ले इथे फारसे कामाला येत नाहीत. ते चौघं मिळून कॅम्पसबाहेर फ्लॅट घेतात, घरी वरण-भाताचा कुकर लावतात. तुम्हाला मात्र बऱ्याच विद्यापीठांत पहिलं वर्ष कॅम्पसवरच, म्हणजे डॉर्ममध्ये (विद्यापीठाच्या वसतिगृहात) काढावं लागतं. तेव्हा प्रश्न 'डॉर्म की फ्लॅट' असा नसून 'कुठली डॉर्म' एवढाच असतो.

१. निवड खरंच तुमच्या हातात आहे का?

ऑनर्स कॉलेज म्हणजे मोठ्या विद्यापीठाच्या पोटातलं छोटं कॉलेज. वर्ग लहान, विषय निवडायला इतरांच्या आधी संधी, शेवटी बहुतेक ठिकाणी प्रबंध. गेल्या दीड-दोन दशकांत मोठ्या सरकारी विद्यापीठांनी या मुलांसाठी वेगळ्या इमारती उभारल्या. ॲरिझोना स्टेटचं बॅरेट संकुल २००९ चं, यूमास ॲमहर्स्टचं २०१३ चं, रटगर्सची इमारत २०१५ ची, पर्ड्यूची २०१६ ची. माहितीपत्रकात पानभर फोटो याच इमारतींचे असतात, कारण हुशार मुलांना ओढायला त्या बांधल्यात. नवी इमारत म्हणजे बहुधा महाग खोली, हे त्या फोटोवर लिहिलेलं नसतं.

काही ठिकाणी ऑनर्सच्या नव्या मुलांना ऑनर्सच्याच इमारतीत राहावं लागतं. काही ठिकाणी ती फक्त एक सोय असते. टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, अँड्र्यूज, ब्लँटन आणि कॅरदर्स या जुन्या हॉलना मिळून ऑनर्स क्वॉड म्हणतात. तिथे राहावंसं वाटलं तर मागायचं. पेन स्टेटमध्ये श्रेयर या ऑनर्स कॉलेजची मुलं ॲथर्टन आणि सिमन्स या दोन हॉलमध्ये असतात. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मुलाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. ऑनर्स ऑफिसला ईमेल करून तीन गोष्टी विचारा: ऑनर्स डॉर्म सक्तीची आहे का, तिथली सगळ्यात स्वस्त खोली कोणती, आणि डॉर्म नाकारली तर ऑनर्सच्या बाकीच्या सवलतींवर परिणाम होतो का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'नाही' येतं. आधी विषय निवडायची मुभा ऑनर्समुळे मिळते, इमारतीमुळे नाही. अर्ध्या मुलांना हे ठाऊकच नसतं आणि ती घाबरून महागडी खोली घेतात.

सक्ती असली, तरी पुढचं वाचा. इमारत ठरलेली असली तरी खोलीचा प्रकार, मजला, रूममेट आणि जेवणाचा प्लॅन तुम्हालाच ठरवायचा असतो.

२. अर्ज लवकर, कागद त्याहून लवकर

कॉलेज नक्की करायची सर्वसाधारण तारीख १ मे. हाउसिंगचा अर्ज मात्र पुष्कळ ठिकाणी त्याच्या कितीतरी आधी खुला होतो आणि खोली निवडायचा नंबर अर्जाच्या तारखेवरून लागतो. अर्जाची फी सहसा परत मिळत नाही. दोन-तीन विद्यापीठांत मन अडकलं असेल, तरी त्या-त्या ठिकाणी फी भरून नंबर लावून ठेवणं मला तरी परवडणारं वाटतं. करार मात्र एकाच ठिकाणी करा. डॉर्मचा करार सहसा दोन्ही सत्रांचा असतो आणि मध्येच सोडला तर दंड बसतो.

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- विद्यापीठाचा आयडी आणि पोर्टलचा पासवर्ड (ईमेल कुटुंबाचा नको, तुमचा स्वतःचा)
- पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव, आडनावासकट
- अठरा पूर्ण नसतील तर आई किंवा बाबांची करारावर सही
- परदेशी व्यवहार चालू केलेलं कार्ड. बँकेच्या ॲपमध्ये ती कळ आधीच दाबून ठेवा; ऐन वेळी ओटीपी येत नाही आणि घरात आरडाओरडा होतो
- आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म. त्यावर राहण्या-जेवण्याचा जो आकडा असतो तो अंदाज असतो, तुम्ही निवडलेल्या खोलीचं बिल नव्हे
- लसीकरणाचा दाखला

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस जवळपास सगळीकडे मागतात. डॉर्ममध्ये राहणाऱ्यांना बऱ्याच राज्यांत मेनिंगोकॉकलची (एका प्रकारच्या मेंदूज्वराची) लसही लागते, आणि ती आपल्याकडच्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात नसते. टेक्सासमध्ये बावीस वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांनी ती सत्र सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. दाखला नसेल तर खोलीची किल्ली अडकू शकते. टीबीच्या बाबतीत आपला वेगळाच घोळ. लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तातली आयजीआरए चाचणी करून घ्या, बीसीजीने ती बिघडत नाही.

आणि आई-बाबांनो, तुम्ही फोन करून "आमच्या मुलीच्या खोलीचं काय झालं" म्हणून विचारलंत तर तिकडचा माणूस गोड आवाजात काहीच सांगणार नाही. कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क तिथल्या कायद्याने त्याच्याकडे जातो, पैसे कुणी का भरेना. फोन मुलीलाच करू द्या.

३. आधी डिसेंबर बघा

सगळा लेख मी या एका मुद्द्यासाठी लिहायला घेतला.

पहिलं सत्र डिसेंबरच्या मध्याला संपतं, दुसरं जानेवारीत सुरू होतं. मधल्या तीन-चार आठवड्यांत पुष्कळ डॉर्म बंद असतात. बंद म्हणजे कुलूप. तुमचं कार्ड दारावर लागत नाही, मेस बंद, सामान आत आणि तुम्ही बाहेर. अमेरिकन मुलांना याचं काही वाटत नाही, कारण ती घरी जातात. आपलं घर साडेबारा हजार किलोमीटरवर, आणि डिसेंबरात मुंबईचं तिकीट बघून पोटात गोळा येतो.

मी करार सही करण्याआधी वाचला होता, असं मला वाटत होतं. सुट्टीत डॉर्म बंद राहील हे वाक्य अकराव्या पानावर होतं. ते मला नोव्हेंबरात, रूममेट बॅग भरताना दिसली तेव्हा समजलं. सुट्टीत राहायच्या सोयीचा अर्ज करायची मुदत उलटून गेली होती. शेवटी शिकागोच्या एका उपनगरात बाबांच्या कॉलेजमित्राच्या बहिणीकडे तेवीस दिवस राहिले. माणसं सोन्यासारखी, मला रोज गरम पोळी मिळाली. पण ओळखीच्या ओळखीकडे सोफ्यावर झोपताना सकाळी कुणाच्या आधी उठायचं आणि बाथरूममध्ये किती वेळ काढायचा, याचा हिशेब करत राहावं लागतं.

म्हणून प्रत्येक इमारतीपुढे एक रकाना आखा: 'सुट्टीत उघडी?' काही इमारती वर्षभर उघड्या असतात, आणि त्या बहुधा सुंदर नसतात. जुन्या किंवा अपार्टमेंट पद्धतीच्या असतात, माहितीपत्रकात शेवटच्या पानावर. काही ठिकाणी वेगळा अर्ज करून, जादा पैसे भरून राहता येतं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतं. तेव्हा डॉर्म सहसा उघडी राहते, पण मेस किती दिवस बंद ते बघा. मार्चच्या सुट्टीचंही तेच.

सुरुवातीच्या तारखाही याच रकान्यात घाला. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, आय-२० वरच्या अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेच्या फार तर ३० दिवस आधी देशात शिरता येतं. पण देशात शिरता आलं म्हणजे खोली मिळाली असं नाही. परदेशी विद्यार्थ्यांची ओळखसत्रं लवकर असतात, त्यासाठी लवकर प्रवेशाची परवानगी वेगळी मागावी लागते. तिकीट त्यानंतर काढा.

४. नकाशा उघडा

ऑनर्स डॉर्म आणि तुमचे वर्ग एकाच अंगाला असतील असं गृहीत धरू नका. रटगर्सचं न्यू ब्रन्सविक बघा. ऑनर्सची इमारत कॉलेज ॲव्हेन्यू कॅम्पसवर, आणि इंजिनिअरिंगचे वर्ग रॅरिटन नदीपलीकडे बुश कॅम्पसवर. मध्ये बस. ऑगस्टमध्ये ती गंमत वाटते, फेब्रुवारीत सकाळी साडेआठच्या वर्गासाठी बसस्टॉपवर उभं राहिलं की गंमत संपते.

आपल्या शाखेच्या पहिल्या वर्षाचे विषय कुठल्या इमारतींत शिकवतात ते शोधा आणि डॉर्मपासून चालत किती मिनिटं ते मोजा. पंधरा मिनिटांपर्यंत ठीक. लॅब असणाऱ्यांनी हे मनावर घ्याच. उलट ऑनर्सचे पहिल्या वर्षीचे चर्चावर्ग कधीकधी डॉर्मच्याच तळमजल्यावर असतात. माझे होते, आणि हिवाळाभर मी त्या वर्गाला स्लिपर घालून गेले. ऑनर्स इमारतीचं मला आवडलेलं खरं कारण हेच.

५. कॉरिडॉर की सूट: प्रश्न संडासाचा आहे

मुख्य प्रकार तीन. कॉरिडॉर म्हणजे लांब बोळ, दोन्हीकडे दोघांच्या खोल्या आणि टोकाला सगळ्यांचं मिळून बाथरूम. सूट म्हणजे दोन खोल्यांच्या मधे एक बाथरूम, चौघांत. अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघरही येतं, पण नव्या मुलांना ते क्वचितच देतात.

घरचे सगळे म्हणतील, सूट घे, मुलीच्या जातीला बरं. मीही तेच घेतलं. दुसऱ्या आठवड्यात कळलं की बोळातलं सार्वजनिक बाथरूम रोज सफाई कर्मचारी धुतात आणि सूटमधलं आपणच धुवायचं असतं. चौघींपैकी दोघींनी आयुष्यात ब्रश हातात धरलेला नव्हता. तिसरी मी. दुसरी गोष्ट हळूहळू लक्षात आली: बोळात राहणाऱ्या मुली दात घासताना एकमेकींना भेटायच्या, सूटमधले आम्ही दार लावून बसायचो. पहिल्या दोन महिन्यांत ओळखी होतात त्या होतात. लाजाळू असाल, तर माझं स्पष्ट मत: बोळ घ्या. स्वस्तही पडतो.

दोन्हीकडे एक सत्य समान आहे. संडासात पाणी नसतं, कागद असतो. हातात धरायची, दाबून पाणी सोडणारी बाटली मिळते. ती इथूनच नेलेली बरी. अंघोळीला स्लिपर आणि सामानाची जाळीची टोपली.

खोलीत किती जण तेही बघा. दोघांच्या खोलीत तिसरा पलंग टाकून 'ट्रिपल' करण्याची पद्धत आहे. भाडं थोडं कमी होतं, पण कपाटं दोनाचीच राहतात. खोलीच्या मापाचा नकाशा संकेतस्थळावर असतो. जुन्या इमारतींत एसी आहे का तेही त्याच पानावर सापडेल. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी नसतो आणि ऑगस्टअखेर घामाने जीव जातो. मुलामुलींबद्दल घरून विचारणा होईलच: बहुतेक इमारती मिश्र असतात, मजला किंवा बाजू वेगळी असू शकते, आणि आपण वेगळं मागितलं नसेल तर खोलीतली माणसं एकाच लिंगाची. दारू-सिगारेटपासून लांब राहणारा मजला मागता येतो, अर्जात तसा पर्याय दिसला तर खूण करा. तिथली मुलं कंटाळवाणी असतात ही अफवा आहे.

६. मेस (बाबांचं बरोबर होतं)

डॉर्ममध्ये राहणाऱ्या नव्या मुलांना जेवणाचा प्लॅन बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो. प्लॅन दोन भागांत: ठरावीक वेळा जेवण, आणि कॅम्पसवरच्या दुकानांत खर्चायचे काही डॉलर. सगळ्यात मोठा प्लॅन घेऊ नका. सकाळचं जेवण तुम्ही झोपून चुकवणार आहात. पहिल्या काही आठवड्यांत प्लॅन बदलायची मुभा असते का ते विचारा.

शाकाहारी असाल तर मेसचं या आठवड्याचं वेळापत्रक उघडून बघा, वर्णन नको. 'व्हेजिटेरियन' या सदराखाली सलग सहा दिवस पास्ता दिसला तर समजून जा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मेसच्या आहारतज्ज्ञाला आधीच लिहावं. तसं पद बहुतेक मोठ्या विद्यापीठांत असतं आणि ती माणसं उत्तर देतात.

खोलीत काय चालतं ते करारातच असतं. हॉट प्लेट, राइस कुकर, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन बहुधा बंद. छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह ठरावीक मापापर्यंत चालतो. भारतातली किटली नेऊ नका. तिकडे वीज १२० व्होल्टची, आपली किटली २३० ची. पाणी उकळायला जवळपास चौपट वेळ लागेल. तळघरात सगळ्यांचं एक स्वयंपाकघर असतं. तिथे मी एका रविवारी पोह्यांना फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरच्यांचा धूर वर गेला आणि गजर झाला. आमची अख्खी इमारत पंधरा मिनिटं बाहेर बर्फात उभी. कुणाचे पोहे ते वासावरूनच सगळ्यांना कळलं होतं. फोडणी घरून करून बाटलीत न्या. मेतकूट-तूप-भाताला गजर होत नाही.

७. रूममेट

दोन वाटा. प्रश्नावली भरून विद्यापीठाला जोडी लावू द्यायची, किंवा ओळखीतल्या कुणाला मागायचं. मागायचं असेल तर दोघांनी पोर्टलवर एकमेकांची नावं टाकावी लागतात. एकाने टाकून भागत नाही, आणि दरवर्षी कुणाची तरी जोडी यावरच फिसकटते.

प्रश्नावली आईला शेजारी बसवून भरू नका. आई म्हणते "लिही, रात्री दहाला झोपते", आणि तुम्ही दोन वाजता जाग्या. खरं लिहा. आपल्याच गावची रूममेट घ्यावी का? पहिला महिना फार सोपा जातो, तिसऱ्या महिन्यात लक्षात येतं की दोघी मिळून दुसऱ्या कुणाशी बोललोच नाही. मी मिनेसोटाची, गायींच्या गोठ्यात वाढलेली मुलगी मिळाली म्हणून देवाचे आभार मानते. सुट्टीतल्या कुलपाबद्दल मला तिच्यामुळेच कळलं, उशिरा का होईना.

आधी बोलणं झालं तर विचारा: झोप, पाहुणे, एसीचं तापमान, फ्रिजमध्ये मांस ठेवायचं का. मजल्यावर आरए असतो, म्हणजे वरच्या वर्षाचा, मजल्याची काळजी घेणारा विद्यार्थी. तो सुरुवातीलाच यावर लेखी करार करून घेतो. तो गमतीत भरू नका, पुढे भांडणात तोच कागद बाहेर निघतो.

८. खोली निवडायचा दिवस

काही ठिकाणी खोली विद्यापीठच देतं. काही ठिकाणी तुम्हाला ठरावीक वेळ मिळते आणि तेव्हा लॉगिन करून रेल्वेच्या तत्कालसारखी खोली पकडायची असते. वेळ त्यांच्या घड्याळाची. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे सरकतात. पूर्व किनारा हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. मी जानेवारीत कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेला 'साडेदहा' जूनमध्ये वापरला. सकाळी दहाचा स्लॉट म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. मी आमटी-भात आटोपून साडेआठला लॅपटॉप उघडला. हव्या त्या इमारतीत तेव्हा लाँड्रीशेजारच्या खोल्या उरल्या होत्या. त्यातली एक माझी. वर्षभर रात्री एकपर्यंत ड्रायरची घरघर, आणि समोर तो डबा.

उन्हाळ्यात शिकागो-टेक्सासकडे साडेदहा तासांचं अंतर धरा, कॅलिफोर्नियाला साडेबारा. ॲरिझोना घड्याळ बदलतच नाही, कायम साडेबारा. आवडीच्या पाच खोल्यांची यादी आधी कागदावर लिहा, पहिली गेली तर विचार करत बसायला वेळ नसतो. नकाशावर लाँड्री, लिफ्ट, कचऱ्याची खोली आणि मेसची मागची बाजू लाल पेनने गोल करा. तिथून चार दारं लांब.

मनासारखं नाहीच मिळालं तर वेटलिस्टवर नाव टाका. ऑगस्टमध्ये व्हिसा न मिळालेल्या, कॉलेज बदललेल्या मुलांच्या खोल्या सुटतात. सत्र सुरू झालं की पहिले काही आठवडे बदल्या बंद असतात, त्यानंतर अदलाबदलीची खिडकी उघडते.

९. किल्ली हातात आल्यावर

अंथरूण-पांघरूण इथून ओढू नका, एक चादर सोडून. तिकडची गादी 'ट्विन एक्सएल', म्हणजे ३८ बाय ८० इंच. आपली साठ बाय नव्वदची सिंगल चादर खोचून चालते. इलास्टिकची हवी असेल तर तिकडेच त्या मापाची घ्या, साधी 'ट्विन' पाच इंच आखूड पडते.

सामान उघडायच्या आधी, बॅगा बोळातच ठेवून, खोलीचे फोटो काढा: भिंतीवरचे खिळे, गादीवरचे डाग, खिडकीची जाळी, टेबलाचा फुटलेला कोपरा. खोलीच्या अवस्थेचा फॉर्म देतात, त्यात एकूणएक गोष्ट लिहा आणि मुदतीत परत करा. मे महिन्यात खोली सोडताना ज्याची नोंद नाही ते तुम्ही तोडलेलं असतं. माझ्या खिडकीची जाळी आधीपासून फाटलेली होती आणि माझ्याकडे तिचा फोटो होता. वर्षभरात मी बरोबर केलेली ती एकमेव गोष्ट.